गोव्याच्या डोंगरवाटांवर कुत्र्याला नेताना: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आमची ब्राऊनी गावठी. फोंड्याच्या बाजारामागे सापडली तेव्हा दीड-दोन महिन्यांची होती, आता सहा वर्षांची आहे, वजन सोळा किलो. ती तीन वर्षांची असताना ऑक्टोबरमधल्या एका रविवारी मी तिला पेडण्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे टेकडीमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, घेऊन गेलो. पाऊस नुकताच सरला होता, गवत अजून हिरवे होते, वाट सपाट होती. निघायला साडेनऊ वाजले. अकराच्या सुमाराला परत फिरलो तेव्हा ब्राऊनी माझ्या मागून येत होती. एरवी ती कायम पुढे असते. मी दोनदा वळून पाहिले, तिने शेपूट हलवली, म्हणून चालत राहिलो. तिसऱ्यांदा पाहिले तर ती करवंदीच्या जाळीखाली अंग टाकून पडली होती. जीभ टोकाला पसरट झालेली, गडद लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या. पंजा उलटा करून पाहिला तर गादीची कातडी फोडासारखी सुटली होती आणि खालचे गुलाबी मांस दिसत होते.

उरलेले पाणी तिच्या पोटावर ओतले, तिला खांद्यावर घेतले आणि गाडीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे जवळजवळ पळालो. पहिला दवाखाना रविवारचा बंद. दुसरा तिथून चाळीस मिनिटांवर. तिथे ताप भरला १०६. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ असतो. ब्राऊनी वाचली, पण दोन दिवस सलाईनवर होती आणि महिनाभर पंजांना पट्ट्या होत्या.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकच गोष्ट समजावली. माणूस दमला की बसतो, कुत्रा मात्र धनी चालतो तोवर चालत राहतो. म्हणून कुठे थांबायचे हे आपणच ठरवायचे असते, तेही त्याने पाय ओढायला लागण्याआधी. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

१. आपला कुत्रा नेण्याजोगा आहे का, हे आधी पाहा

गावठी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला असतो, तरी त्यालाही मर्यादा आहे, हे वर दिसलेच. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गोव्याच्या दमट हवेत डोंगरावर नेऊ नका. कुत्रे धापा टाकून अंग गार करतात, आणि यांची श्वासाची वाटच अरुंद असते. हस्कीसारख्या दाट केसाच्या कुत्र्यांचेही तेच. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डचे पिल्लू वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत त्याला चढ-उताराच्या लांब वाटेवर नेऊ नका, सांधे अजून कच्चे असतात. म्हातारा, लठ्ठ, माजावर आलेली किंवा गाभण कुत्री, नुकताच आजारातून उठलेला, या सगळ्यांना घरी ठेवा.

बाकीच्यांची महिनाभर तयारी करून घ्या. रोज सकाळी गावातल्याच वाटेवर दोन किलोमीटर, मग तीन, मग एखादा चढ. पहिली डोंगरवाट जाऊन-येऊन चार किलोमीटरच्या वर नको. आणि हाक मारल्यावर कोंबडी समोर असतानाही तो परत येतो का, हे अंगणात पाहून घ्या. येत नसेल तर रानात मुळीच येणार नाही.

२. जागा: कुठे न्यायचे नाही, हे आधी

सगळ्यात जास्त चूक इथे होते. गोव्यात सहा अभयारण्ये आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे: भगवान महावीर, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान. नकाशा उघडलात तर पूर्वेकडचा घाटाचा जवळजवळ सगळा पट्टा यातच येतो. दूधसागर यातच, तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळाभोवतीचे रान यातच, नेत्रावळीतले सावरी आणि मैनापी हे धबधबेही यातच. इथे पाळीव कुत्रा नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात माणसाच्या जाण्यावरच बंधने आहेत, त्यात कुत्रा घेऊन नाक्यावर हुज्जत घालण्यात काही अर्थ नाही.

नियम बाजूला ठेवला तरी कारण पटण्यासारखे आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, खरूज हे आपल्या कुत्र्यांचे रोग कोळसुंदे, कोल्हे, बिबटे यांना लागतात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कुत्रा ठणठणीत असला, लस दिलेली असली, तरी त्याच्या मुताचा वास वाटेवर राहतो आणि भेकर, पिसोरी अशी जनावरे त्या वाटेने यायला बिचकतात. उलट बाजूने पाहायचे तर बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे.

अभयारण्याच्या हद्दीला कुंपण नसते. म्हादई आणि नेत्रावळीत तर हद्दीच्या आत गावे आहेत, त्यामुळे डांबरी रस्ता आणि दुकान दिसले म्हणजे आपण बाहेर आहोत असे समजू नका. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत जायचे असेल तर आदल्या दिवशी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारा.

मग न्यायचे कुठे? पेडणे, बार्देश, डिचोलीकडचे सडे. ओळखीच्या घरचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि त्यामागची टेकडी. भातकापणीनंतर शेतांचे बांध. काब द रामच्या बाजूचे समुद्राकडचे माळ, मात्र तिथे कड्याच्या टोकाशी दोरी आखूड धरायची. नवशिक्यांना मी सगळ्यात आधी खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध सुचवतो: सपाट, मऊ माती, वारा, आणि कुठूनही परत फिरता येते. फक्त दिवाडी, कुंभारजुवे या बाजूला कुत्र्याला पाण्यात उतरू देऊ नका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. काठावरच्या खारफुटीच्या चिखलात पडलेली मगर ओंडक्यासारखी दिसते, अगदी दहा पावलांवरूनसुद्धा.

जमीन कोणाची आहे हे विचारायला लाजू नका. बहुतेक सडे कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) किंवा भाटकारांचे (जमीनदारांचे) असतात. देवराईत कुत्रा न्यायचा नाही. तिथे माणसेही चपला काढून जातात.

३. ऋतू आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. एवढेच.

मार्चपासून ऊन आणि दमटपणा दोन्ही वाढतात. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या जांभ्यावर कुत्र्याची नखेसुद्धा धरत नाहीत, आणि वर घाटात पाऊस पडला की खाली ओहळ पाच-दहा मिनिटांत फुगतो. पावसाळ्यात धबधबे, नद्या, चिऱ्यांच्या जुन्या पाणी भरलेल्या खाणी इथे उतरण्यावर प्रशासन बंदी घालते, ती पाळा. त्या खाणींच्या भिंती उभ्या कापलेल्या असतात. आत पडलेल्या कुत्र्याला वर यायला कड सापडत नाही, तो पोहून पोहून दमतो आणि त्याला काढायला माणूस उडी मारतो. ऑक्टोबर फसवा असतो: दिसायला हिरवा, अंगाला भट्टी.

वेळेबद्दल माझा नियम: वाट नीट दिसायला लागल्यावर निघायचे आणि साडेनऊच्या आत गाडीपाशी परत. काळोखात निघू नका आणि संध्याकाळी लांबवू नका. झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला गवे, रानडुकरे आणि बिबटे फिरतीवर असतात. निघताना जांभ्यावर हाताची मागची बाजू टेकवून सावकाश सातपर्यंत मोजा. हात काढावासा वाटला तर त्या दगडावर पंजा पोळणार. हे येतानाच्या वेळेचा विचार करून ठरवा. काळपट जांभा दहानंतर झपाट्याने तापतो, आणि जाताना गार लागलेला दगडच मला येताना नडला.

४. महिनाभर आधी डॉक्टरांकडे

लशींना, गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. विचारायच्या गोष्टी अशा:

• रेबीजची लस आणि तिचा वार्षिक डोस. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून काही लोक "आता कशाला लस" म्हणतात. अशा लोकांचे ऐकू नका. हा रोग ताब्यात आला तो लशींमुळेच.

• डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टोची एकत्र लस. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात. तो भाग दरवर्षी द्यावाच लागतो.

• गोचिडांसाठी गोळी किंवा मानेवर सोडायचे औषध. नेक्सगार्ड, ब्राव्हेक्टो या गोळ्या सहज मिळतात, पण मात्रा वजनावर ठरते, शिवाय फिट्स येणाऱ्या कुत्र्याला त्या चालतीलच असे नाही. मनाने देऊ नका. आणि हेही लक्षात ठेवा की गोळी घेतलेल्या कुत्र्याला गोचीड चावतेच, चावल्यावर मरते. म्हणून हाताने तपासणे सुटत नाही.

• जंताचे औषध.

• "तुमच्याकडे सर्पदंशाची लस असते का? रविवारी कोण असते?" हा प्रश्न तोंडावर विचारा. नसेल तर कोणाकडे असते ते त्यांनाच विचारून दोन दवाखान्यांचे फोन लिहून घ्या. मी हे केले असते तर बंद दारापुढे पंधरा मिनिटे गेली नसती.

सोबत ठेवायचे कागद थोडे आहेत: लसीकरणाचे पुस्तक, पंचायत किंवा पालिकेकडे नोंदणी केली असेल तर तिची प्रत, कुत्र्याचा पूर्ण अंगाचा एक ताजा फोटो मोबाइलमध्ये. फोटो हरवल्यावर लागतो. गळ्यात तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू द्या.

५. सामान

पाठीवरच्या एका लहान पिशवीत सगळे बसते.

• हार्नेस आणि दोन मीटरची जाड दोरी. नुसता गळपट्टा नको, ओढले की गळा आवळतो आणि घाबरलेला कुत्रा मान काढून पळतो. बटण दाबून लांबणारी दोरी रानात झुडपात अडकते, ती घरीच ठेवा.

• पाणी दोन बाटल्यांत. पंधरा किलोच्या कुत्र्याला तीन तासांच्या वाटेवर पिण्यासाठी एक लिटर, आणि दुसरा लिटर कोणीही पिऊ नये. तो अंगावर ओतण्यासाठी. दुसऱ्या बाटलीला मी लाल चिकटपट्टी लावतो.

• घडी होणारी वाटी. दर वीस मिनिटांनी थांबून थोडे थोडे पाजा, मागण्याची वाट पाहू नका.

• गाँझ, कापडी पट्टी, चिकटपट्टी, सलाईनची छोटी बाटली, बीटाडीन, बोथट टोकाची कात्री, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, मिठाची पुडी.

• एक जुनी चादर. कुत्रा पडला तर चार टोके धरून झोळी होते. सोळा किलो खांद्यावर घेऊन उतरणे काय असते ते मला माहीत आहे.

• शेण उचलतो तशी कुत्र्याची घाण उचलायला पिशव्या. त्या परत आणायच्या, झुडपात टाकायच्या नाहीत.

माणसांची औषधे कुत्र्यासाठी नेऊ नका. क्रोसिन, ब्रुफेन यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड, आतडी यांना गंभीर इजा होते. खाऊ म्हणून चॉकलेट आणि द्राक्षे नकोत, मनुकाही नकोत. उकडलेले अंडे, भाकरीचा तुकडा पुरतो. जेवण निघण्याआधी तीन-चार तास किंवा परतल्यावर.

६. वाटेवर: दोरी सोडायची नाही

माझा कुत्रा शहाणा आहे, हे प्रत्येकालाच वाटते. मलाही वाटते. तरीही दोरी हातात. सत्तरीकडच्या एका गावात शेताच्या वाटेवर एका काकांनी लांबूनच हाक दिली होती, "फुडें गवे आसात, सुण्याक सोडूं नाकात" (पुढे गवे आहेत, कुत्र्याला सोडू नका). आम्ही जागीच थांबलो. वळणापलीकडे पाच गवे उभे होते, त्यात एक वासरू. गवा हा आपला राज्यप्राणी, वजन आठशे-नऊशे किलो. एरवी तो आपल्या वाटेने जातो, पण भुंकणारा कुत्रा वासराकडे गेला की तो कुत्र्यामागे धावतो, आणि घाबरलेला कुत्रा धावत येतो तो तुमच्याकडेच.

दोरीची आणखी कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. रानडुकरांसाठी बागायतीच्या कडेला कोणी कोणी तारेचे फास लावतात, क्वचित कुंपणात वीज सोडतात. दोन्ही बेकायदा आहे, दोन्ही होते. फास नेमका कुंपणाच्या भोकात असतो, आणि कुत्र्याला शिरायला तीच भोके आवडतात. म्हणून कुळागराच्या कडेने जाताना कुत्रा तुमच्या आणि कुंपणाच्या मध्ये नको, पलीकडच्या बाजूला घ्या.

मेलेले जनावर दिसले की लांबून वळसा घाला. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ मेले ते विषामुळे. गुराच्या मढ्यावर विष घातलेले असू शकते आणि कुत्र्याला एक घास पुरतो.

फेब्रुवारीपासून काजूच्या बागांत खाली पडलेली बोंडे कुत्रे आवडीने खातात. बोंडू थोडा खाल्ला तर पोट बिघडेल इतकेच, पण ओल्या काजूच्या सालीतला चीक तोंड आणि जीभ भाजतो. ब्राऊनीचे ओठ एकदा सुजले होते. शिवाय ती बाग कोणाची तरी वर्षाची कमाई असते.

साचलेले पाणी पाजू नका. लेप्टो तर आहेच, पण अशा पाण्यातून बारीक जळू नाकात शिरते आणि तिथेच वाढते. नंतर आठवडाभर कुत्रा शिंकत राहतो आणि एकाच नाकपुडीतून रक्त येते.

गावातले कुत्रे अंगावर आले तर धावू नका. तुमचा कुत्रा जवळ घ्या, तोंडे फिरवून सावकाश चाला. वाकून दगड उचलल्यासारखे केले तरी बहुतेक वेळा भागते. आणि समोरून बाई-माणूस, मुले आली की वाटेच्या कडेला थांबून कुत्रा बसवा. "काही करत नाही हो" असे लांबून ओरडल्याने कोणाची भीती जात नाही.

थांबायची खूण: कुत्रा मागे पडू लागला, प्रत्येक सावलीत थांबू लागला, जीभ टोकाला रुंद झाली. यातले एक दिसले की परत फिरायचे. शिखर अर्ध्या किलोमीटरवर असले तरी.

७. काही झालेच तर

ऊन लागणे. सावलीत न्या. लाल पट्टीची बाटली पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर ओता आणि टोपीने, वहीने, मिळेल त्याने वारा घाला. ओले कापड अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी चाटू द्या, तोंडात ओतू नका. आधी गार करा, मग गाडीत घाला, आणि गाडीत एसी किंवा खिडक्या उघड्या. बरा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो.

साप. कुत्र्याला साप बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो, कारण तो हुंगायला जातो. घोणस, फुरसे असेल तर सूज आणि रक्त. मण्यार असेल तर सूज कमी असते, नाग असेल तर सूज येऊ शकते, पण दोन्हींत पाय लुळे पडतात, पापण्या उतरतात. आवळून बांधू नका, कापू नका, सापामागे जाऊ नका. हार्नेस आणि पट्टा काढा, कारण सूज चढते. चालवू नका, चादरीत घ्या, निघतानाच दवाखान्यात फोन करा. बाजारातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरची असते. हिरव्या चापड्यासाठी ती नाही, त्यात डॉक्टर बाकीचे उपचार करतात. शक्य असेल तर लांबून फोटो काढा, नाहीतर सोडा.

साळिंदराचे काटे. ओढून काढू नका, अर्धवट तुटून आत जातात. कुत्र्याला पंजाने खाजवू देऊ नका आणि दवाखाना गाठा, भूल देऊनच काढावे लागतात.

बेडूक तोंडात धरला आणि फेस आला: तोंड खाली करून, एका बाजूने पाणी सोडत दहा मिनिटे धुवा. पाणी बाहेर वाहिले पाहिजे, घशात जाता कामा नये.

जळू: पायाला लागली असेल तर चिमूटभर मीठ. डोळ्यात, नाकात असेल तर मीठ अजिबात नाही, डॉक्टर.

८. घरी आल्यावर

पाणी, विश्रांती, आणि मग अर्धा तास नुसते अंग चाचपायचे. उजेडात बसा, वाटीत साबणाचे पाणी घ्या. कानाच्या आत आणि घडीत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली, आणि बोटांच्या मधल्या जागेत बोट घालून. लहान गोचीड तिळाएवढी असते, रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी फुगते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिरगळू नका, रॉकेल लावू नका, उघड्या बोटांनी चिरडू नका.

स्वतःचेही अंग तपासा. कर्नाटकात १९५७ साली क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप २०१५ पासून सत्तरीत आहे. तो गोचिडांतून माणसाला होतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे आपण फिरतो त्याच दिवसांत. कुत्रा रानातल्या गोचिडी अंगावरून घरात आणतो. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, पालापाचोळ्यावर न बसणे, घरी येताच अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. माकडे मेल्याची बातमी असलेल्या गावाच्या रानात त्या हंगामात जाऊच नका, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

पंजे कोमट पाण्याने धुवून कोरडे करा, भेगा दिसल्या तर दोन-तीन दिवस घरातच फिरवा. मग घरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेपुढचे तीन आठवडे खूण करून ठेवा. या काळात कुत्रा जेवण टाकू लागला, ताप १०३ च्या वर गेला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर गोचीडतापाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना. दारातून आत शिरताच डॉक्टरांना सांगा, "आम्ही अमुक तारखेला रानात गेलो होतो." ते मग रक्ताची तपासणी लगेच लावतात आणि दोन दिवस वाचतात.